बागेची पत्रं : एक्झोरा कुणासाठी फुलतो?

मे संपत आला की आमच्या कुडाळच्या नर्सरीत एक्झोऱ्याची, म्हणजे गुच्छांनी फुलणाऱ्या त्या झुडपाची, मागणी वाढते आणि त्याच सुमारास एक्झोऱ्याबद्दलची पत्रंही वाढतात. या महिन्याचा अंक म्हणून त्यालाच देते आहे. काही पत्रांत एकच प्रश्न होता, त्यांची उत्तरं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही पिंपरीत चौथ्या मजल्यावर राहतो. गॅलरीतल्या कुंडीत लाल एक्झोरा आहे. नवीन येणारी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. नर्सरीवाल्यांनी डीएपी घालायला सांगितलं, ते घातलं. अंड्याची टरफलंही घालते. पाणी फिल्टरमधून वाया जाणारं वापरते, तेवढीच बचत. तरी झाड सुधारत नाही. काय चुकतंय?

उत्तर : ताई, तुम्ही शिरांचं लिहिलंत ते फार बरं केलंत, त्यावरून निदान होतं. जुनी पानं हिरवी आणि कोवळी पिवळी, त्यात शिरा हिरव्या, म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. बहुतेक वेळा मातीत लोह असतं, पण माती विम्लधर्मी, म्हणजे आंबटपणा जाऊन चुन्याकडे झुकलेली, झाली की ते मुळांना उचलता येत नाही. एक्झोरा हे पश्चिम घाट आणि श्रीलंकेकडचं झाड. आमच्याकडे जांभ्याच्या तांबड्या, आंबट मातीत ते बांधावर, देवराईच्या कडेला आपोआप उभं असतं. अनंत आणि कॉफी त्याच्याच कुळातले, त्यांचीही आवड तीच.

आता तुमच्या कुंडीत काय काय जातंय ते बघा. फिल्टरचं वाया जाणारं पाणी म्हणजे मूळ पाण्यातले सगळे क्षार दाट होऊन बाहेर पडलेलं पाणी. ते फरशी पुसायला वापरा, या झाडाला नको. अंड्याची टरफलं म्हणजे चुनाच. डीएपी खतातलं स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं की लोह आणखी अडतं. तिन्ही गोष्टी चांगल्या हेतूने केलेल्या आहेत आणि तिन्ही एकाच बाजूला ओढताहेत. चुलीची राखही पुष्कळजण घालतात, तीही या झाडाला घालू नका.

खात्री करायची असेल तर कुंडीतली चमचाभर कोरडी माती वाटीत घ्या आणि वर थोडं व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत चुना साठला आहे. मग वरवरचे उपाय पुरत नाहीत, माती बदला. पाऊस सुरू झाला की झाड मुळांच्या गड्ड्यासह काढा, बाहेरची सैल माती झटका आणि नवीन मिश्रणात लावा : निम्मी लाल माती, पाव भाग कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत, उरलेल्यात धुतलेलं कोकोपीट आणि जुनं शेणखत. कोकोपीट धुऊनच घ्या, त्यातही मीठ असतं. कुंडी नव्याने चुना लावलेल्या किंवा सिमेंटच्या गिलाव्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसात भिंतीवरून ओघळणारं पाणी चुना घेऊनच खाली येतं.

लगेचचा उतार हवा असेल तर हिराकस (फेरस सल्फेट) आणा. लिटरभर पाण्यात अर्धा चमचा, म्हणजे दोन-तीन ग्रॅम, विरघळवून ओल्या मातीत द्या, महिन्यातून एकदा. फरशीवर सांडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. माती फारच चुनखडीची असेल तर हिराकसही तिथेच अडकून पडतो. तेव्हा शेतीच्या दुकानात चिलेटेड लोह मागा आणि पुडीवर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का ते वाचून घ्या. ‘ईडीटीए’वालं स्वस्त असतं, पण चुन्याच्या मातीत लवकर निकामी होतं. पिवळी झालेली पानं सगळी परत हिरवी होतील अशी अपेक्षा धरू नका. पुढची पालवी कशी येते ते पाहा.

पाण्यासाठी पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवलंत तर सोन्याहून पिवळं. उन्हाळ्यात एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी वापरा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आंबट ताक घालायचं का, असं दोघींनी विचारलंय. मिठाचं ताक अजिबात नको. बिनमिठाच्या ताकाचा परिणाम बोअरच्या पाण्यापुढे टिकत नाही, त्यामुळे मी ते सुचवत नाही.

प्रश्न : रत्नागिरीत आमच्या सोसायटीच्या कुंपणाला एक्झोऱ्याची रांग आहे. माळी दर पंधरा दिवसांनी कात्री चालवून ती चौकोनी ठेवतो. झाडं तजेलदार आहेत, पण फुलं नावाला. खत वाढवावं का?

उत्तर : खत वाढवू नका, माळीदादांची कात्री थांबवा. एक्झोऱ्याचा गुच्छ फांदीच्या अगदी टोकाला येतो. फांदी वाढते, पानांच्या दोन-तीन जोड्या येतात, टोक पक्कं होतं आणि मग तिथे कळ्यांचा झुपका धरतो. याला आठवडे लागतात. पंधरा दिवसांनी वरून सपाट कापलं की जे टोक फुलणार होतं तेच टोपलीत जातं. झाड पुन्हा पालवी काढतं, तुम्ही पुन्हा कापता. तुमची रांग वर्षभर फुलायच्या तयारीतच असते.

तुमच्याकडची माती आणि हवा या झाडाला इतकी मानवणारी आहे, की पुण्यातले लोक त्यासाठी काय काय खटपटी करतात. तिथे फुलं नसावीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

वर्षातून एकदाच मोठी छाटणी करा. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस होऊन जमीन भिजली की एक तृतीयांश उंची कमी करायला हरकत नाही. त्यातही रांगेतलं एक झाड सोडून एक छाटा, उरलेली पुढच्या वर्षी. म्हणजे कोणत्याही मोसमात निम्मी रांग फुलावर राहील आणि फुलपाखरांना उपास पडणार नाही. एरवी फक्त सुकलेला गुच्छ खालच्या पानांच्या एका जोडीसह खुडायचा. हातानेही होतं. तिथून दोन फांद्या फुटतात, म्हणजे पुढच्या वेळी दोन गुच्छ.

सोसायटीच्या सभेत ‘कुंपण अस्ताव्यस्त दिसेल’ असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा की मोकळ्या वाढलेल्या एक्झोऱ्याचा आकार आपोआप गोलसर, भरगच्चच राहतो. चौकोन हवाच असेल तर मेंदी किंवा दुरांटा लावा, ती झाडं कात्री सोसतात.

प्रश्न : मावशी, मी नाशिकला सहावीत आहे. आमच्या शाळेत एक्झोऱ्याची खूप फुलं आहेत. तिथे फुलपाखरं येतात, पण मधमाश्या जवळजवळ येतच नाहीत. बाजूच्या तुळशीवर मात्र खूप असतात. असं का?

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी आमच्या नर्सरीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. नीट उभं राहून बघितल्याशिवाय असा प्रश्न पडत नाही.

एक फूल गुच्छातून अलगद ओढून काढ. वर चार पाकळ्या आणि खाली सुईसारखी बारीक, लांब नळी. पट्टीवर मोजशील तर तीन सेंटीमीटरच्या आसपास भरेल. मध असतो या नळीच्या अगदी तळाशी. कोकणातली मुलं मधला तंतू हळूच ओढून खालचा गोड थेंब चाखतात, तो हाच. (शाळेच्या झाडावर औषध फवारलेलं असू शकतं, तेव्हा तू चाखू नकोस.) आपल्या सातेरी मधमाशीची जीभ असते पाच-सहा मिलिमीटर. ती नळीच्या तोंडाशी बसली तरी मध तिच्यापासून कितीतरी खोल राहतो आणि नळी इतकी अरुंद, की आत शिरताही येत नाही. तुळशीचं फूल छोटं, उथळ, तिथे तिला पोटभर मिळतं. मग ती एक्झोऱ्यावर वेळ कशाला घालवेल?

मोठ्या फुलपाखरांची सोंड मात्र लांब असते. एरवी ती गुंडाळलेली असते आणि फुलावर आल्यावर सरळ होते. निलवंत (ब्लू मॉरमॉन), कॉमन मॉरमॉन, क्रिमझन रोज ही फुलपाखरं एक्झोऱ्यावर आली की पूर्ण बसतही नाहीत. पाय टेकवून पंख फडफडवत राहतात आणि एका गुच्छातल्या एकेका फुलात सोंड घालत जातात. शिंजीर पक्षीही येतात, त्यांची चोच बाकदार आणि जीभ लांब.

आता खरी गंमत. भिंग असेल तर घे. उद्या उमलणार अशी फुगलेली कळी निवड आणि नखाने हळूच उघड. आत चार पुंकेसर मधल्या काडीला, म्हणजे कुक्षिवृंताला, चिकटून असतात आणि कळी मिटलेली असतानाच आपले पराग त्या काडीच्या टोकावर ठेवून देतात. फूल उमलतं तेव्हा पुंकेसरांचं काम संपलेलं असतं. ते पाकळ्यांच्या मधल्या फटींतून बाहेर वाकून सुकू लागतात. आणि पाकळ्यांच्या वर उठलेली काडी टोकावर पिवळे पराग धरून उभी असते. फुलपाखरू सोंड घालायला वाकलं की ते टोक त्याच्या सोंडेला, डोक्याला घासतं आणि पराग लागतात. नंतर त्याच काडीचं टोक दुभंगतं, दोन छोट्या जिभा बाहेर वळतात आणि आता ती दुसऱ्या फुलाचे पराग घ्यायला तयार होते. आधी द्यायचं, मग घ्यायचं. त्यामुळे स्वतःचेच पराग स्वतःला लागणं कमी होतं.

एकाच गुच्छात तुला दोन्ही अवस्थांतली फुलं सापडतील : काहींचं टोक मिटलेलं आणि पिवळट, काहींचं दुभंगलेलं. दोन्हींची चित्रं वहीत काढून मला पाठव.

प्रश्न : ठाण्याला गच्चीवर एक्झोरा फुलपाखरांसाठीच लावला. फुलपाखरं येऊ लागली, पण आता लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या कुंड्यांवर अळ्या झाल्या आहेत, पानं फस्त करतात. अळ्यांवर काय फवारू?

उत्तर : काहीही फवारू नका, हात जोडून सांगते. त्या अळ्या म्हणजेच तुमची फुलपाखरं. एक्झोऱ्याला ती फक्त मध प्यायला येतात, त्याच्या पानांवर त्यांच्या अळ्या जगत नाहीत. अंडी घालायला मॉरमॉनला लिंबाच्या कुळातलंच झाड लागतं : लिंबू, कढीपत्ता, बेल, आमच्या रानातलं माकडलिंबू. म्हणजे तुमच्या गच्चीवर खानावळही आहे आणि बाळंतिणीची खोलीही. पुष्कळांच्या बागेत पहिलीच असते, म्हणून फुलपाखरं येतात आणि निघून जातात.

ओळख पटवून घ्या. कोवळ्या पानावर एकेकटं, पिवळसर, मोहरीहून लहान अंडं असतं. लहान अळी तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला टाळतात. शेवटच्या कातीनंतर ती हिरवीगार होते. तिला काडीने हलकं डिवचलंत तर डोक्यामागून लालसर दुटोकी शिंगासारखा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. माणसाला त्याने काही होत नाही. अळीचा काळ साधारण दोन-तीन आठवड्यांचा. मग ती पानाच्या किंवा काडीच्या आडोशाला धागा बांधून कोष करते.

चांगलं मुरलेलं लिंबाचं झाड एवढं नुकसान सहज भरून काढतं. कुंडी लहान असेल आणि झाड अगदी उघडं पडत असेल तर दोन अळ्या ठेवा, बाकीच्या पानासकट उचलून शेजारच्या मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सोडा. सगळ्यात सोपं म्हणजे बीपासून आलेली कढीपत्त्याची दोन जास्तीची रोपं त्यांच्यासाठीच ठेवायची. निलवंतला 2015 साली आपलं राज्य फुलपाखरू घोषित केलं, असा मान देणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. तेच फुलपाखरू तुमच्या गच्चीवर जन्माला येऊ शकतं. आणखी एक करा : पसरट थाळीत वाळू घालून ती ओली ठेवा. नर फुलपाखरं ओल्या मातीतले क्षार शोषायला बसतात.

प्रश्न : कोल्हापुरात दारात एक्झोरा आहे. फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी आहे, पानं चिकट आणि काळी पडली आहेत, मुंग्या खूप. दुकानदाराने इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक दिलंय. घालू का?

उत्तर : परत करता आलं तर करा. पांढरं आहे तो पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो, त्या चिकट्यावर काजळी वाढते. मुंग्या चिकट्यासाठी येतात आणि त्याच्या मोबदल्यात पिठ्याच्या शत्रूंना हाकलतात, त्यामुळे मुंग्यांकडेही लक्ष द्यावं लागेल. इमिडाक्लोप्रिड झाडाच्या रसात भिनतं आणि तिथून फुलातल्या मधात आणि परागांतही उतरतं. ज्या झाडावर दिवसभर पाहुणे मध प्यायला येतात त्याच्या मुळाशी ते ओतणं मला अजिबात पटत नाही.

आधी पाण्याची जोरदार धार मारून पिठ्या उडवा. जास्त भरलेल्या फांद्या कापून पिशवीत बांधून टाका. उरलेल्यावर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण नीट घुसळून फवारा. ऊन उतरल्यावर, फुलपाखरं गेल्यावर, पानांच्या खालून आणि बेचक्यात. फुलांवर नको. आठवड्याने परत एकदा, नंतर गरज पडली तरच. कुंपणाला किंवा भिंतीला टेकलेल्या फांद्या कापा, मुंग्यांचा पूल तुटतो. काजळी ओल्या फडक्याने पुसली जाते. आणि याच तेलाचा हात लिंबाच्या अळ्यांवर पडू देऊ नका.

प्रश्न : नागपूरला काळ्या जमिनीत एक्झोरा दोनदा लावला, दोन्ही वेळा उन्हाळ्यात गेला. अजून प्रयत्न करू का?

उत्तर : जमिनीत नको. चुनखडीची काळी माती आणि तुमच्याकडचं मे महिन्याचं ऊन, दोन्ही त्याला सोसत नाहीत. फारच हौस असेल तर लाल मातीच्या मोठ्या कुंडीत, सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवा.

पण तुमच्या मातीत जी झुडपं आनंदाने वाढतात त्यांच्याकडे मी तुम्हाला वळवीन. अडुळसा लावा. पांढऱ्या ओठाळ फुलांवर भुंगे आणि मधमाश्या येतात, गुरं तोंड लावत नाहीत, पाणीही फार मागत नाही. निर्गुडीच्या जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्यांची रीघ असते आणि ती कशाही जमिनीत येते. कुंपणाबाहेर आपोआप उगवलेली रुई असेल तर ती उपटू नका. तिच्या फुलांचं परागीभवन मोठे काळे भुंगे करतात आणि प्लेन टायगर फुलपाखराची अळी तिच्या पानांवर वाढते. चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका, लहान मुलं असतील तर विशेष जपा. जंगलाकडच्या बाजूला, उताराच्या मुरमाड जमिनीत जागा असेल तर धायटी. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं विरळ झालेल्या फांद्या लाल फुलांनी भरतात आणि शिंजीर त्यावरून हलत नाहीत.

घाणेरी लावू का, असंही तुम्ही विचारलंय. फुलपाखरं तिच्यावर येतात हे खरं आहे. पण ती बाहेरून आलेली, पक्षी तिच्या बिया लांब नेतात आणि रानं तिने गिळली आहेत. विदर्भातल्या जंगलांच्या इतक्या जवळ ती मुद्दाम लावू नका.

प्रश्न : पेडण्याहून लिहिते. आमच्या जुन्या घराच्या अंगणात आजीच्या वेळचा एक्झोरा आहे. घर विकतोय. त्याचं रोप नेता येईल का? आणि त्याची फळं खाल्ली तर चालतात ना?

उत्तर : फळं चालतात. हिरव्याची लाल आणि लालाची काळसर झाली, बोटाने दाबली की मऊ लागली, की खायची. गर थोडा, चव गोडसर-तुरट. बुलबुलांना ती फार आवडतात, तेव्हा लवकर उठावं लागेल.

रोपासाठी पाऊस स्थिरावला की, म्हणजे जुलैत, कलमं घ्या. यंदाच्या वाढीची पण टणक होऊ लागलेली, पेन्सिलपेक्षा बारीक फांदी, फूल नसलेली. वीतभर लांबीचा तुकडा, डोळ्याखाली तिरका काप, वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. असली तर मूळ फुटायची पावडर लावा. वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात खोचा, वरून पारदर्शक पिशवी, जागा सावलीची. दोन महिने तरी ओढून बघू नका. सगळी लागत नाहीत, म्हणून दहा-बारा खोचा.

घराचा व्यवहार त्याआधीच होणार असेल तर गुटी बांधा, ती जास्त खात्रीची. बोटाएवढ्या फांदीवरची इंचभर साल गोल काढा, ओलं शेवाळ किंवा कोकोपीट लावून प्लास्टिकने घट्ट गुंडाळा आणि दोन्ही टोकं बांधा. प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली की खालून कापायची. नवीन मालकांशी आधीच बोलून ठेवा. गुटी तयार व्हायच्या आत किल्ल्या द्यायची वेळ आली तर ती न्यायला परत यायची परवानगी मागून घ्या आणि बांधलेल्या फांदीला रंगीत चिंधी लावा, म्हणजे अंगण साफ करणारे ती कापणार नाहीत.